म्हाताऱ्या गाईखालची रबरी मॅट

आमची गौरी श्वेतकपिला, म्हणजे गोव्याचीच गाय. अंगानं लहान, पांढरीशुभ्र. आठ-नऊ वेतं झाली, आता दूध नाही. सिकेरीच्या गोशाळेत द्या, असं सुचवणारे येतात. सासूबाई त्यांना चहा पाजून वाटेला लावतात. पावसाळ्यात तिच्या मागच्या ढोपरांवरची कातडी सोलवटली, सूज आली. गोठ्याला कोबा, त्यावर कायमची ओल. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसात करड (वाळलेलं गवत) सुकं राहत नाही आणि सकाळी घातलेला पातेरा (पालापाचोळा) दुपारपर्यंत चिखल होतो. म्हणून म्हापशाहून ही मॅट आणली. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, 17 मिलिमीटर जाड, वरून खडबडीत, खालून खाचा. किंमत अडीच हजारांच्या आत. टेम्पोतून उतरवायला दोन गडी लागले.

खरा फरक पडला तो उठण्यात. गाय उठते तेव्हा डोकं पुढं झोकून आधी मागचा भाग वर घेते, पुढचे पाय नंतर. कोब्यावर नेमके मागचे खूर सटकायचे, त्या धास्तीनं गौरी बसायचंच टाळायची; उभ्यानंच रवंथ चालायचा. धडधाकट गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते, आणि ही म्हातारी उभी! मॅटवर खूर धरतो. आता ती निवांत बसते, ढोपरांवर केसही यायला लागलेत. मात्र मॅट टाकताना समोर डोकं झोकायला जागा ठेवा. गव्हाण अगदी तोंडाशी असेल तर मॅट असून नसून सारखीच.

‘नुसतं पाणी मारलं की झालं’ हे दुकानातलं बोलणं मनावर घेऊ नका. मूत खाली झिरपतं, खाचांत शेण साचतं, डोळे चुरचुरतील असा वास सुटतो, आणि कडेच्या फटीत गोचीड अंडी घालते. आठवड्याला मॅट उचलून खालचा कोबा खरवडायचा, सुकवायचा, चुना टाकायचा. एकट्या बाईच्यानं हे होत नाही. गोठ्याला मागे उतार नसेल तर आधी गवंडी बोलवा, मॅट नंतर.

जनावर पडूनच राहिलं असेल तर एवढ्यावर भागत नाही. खाली जाड पेंढा किंवा वाळू हवी, छातीवर टेकवून बसवायला हवं आणि दर तीन-चार तासांनी कूस बदलायला हवी. नाहीतर खालच्या पायाचे स्नायू आणि नसा दबून निकामी होतात. 1962 या जनावरांच्या डॉक्टरांच्या मदत क्रमांकावर फोन करा, डॉक्टर येईपर्यंत कूस बदलत राहा. दुखण्यावर आमच्याकडे मेलॉक्सिकॅम देतात. कुणी जुनी डायक्लोफिनॅकची बाटली काढली तर साफ नको म्हणा. ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडांचा जीव जातो म्हणून जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, किटोप्रोफेन या तसल्याच औषधावर 2023 पासून.

मापाचं म्हणाल तर श्वेतकपिलेला ही ऐसपैस होते. शेजारची एचएफ (मोठ्या अंगाची होल्स्टीन फ्रीजियन गाय) मात्र अर्धी बाहेर बसते, तिला दोन जोडाव्या लागतील. 12 मिलिमीटरची स्वस्त मॅट दाखवतील, ती वासरांच्या कोपऱ्यात ठीक. पाचपैकी चार तारे. एक कापला तो वजनाचा. एवढी जड वस्तू करताना धरायला दोन भोकं ठेवायला काय झालं होतं!