पोस्टग्रेएसक्यूएलचे लॉजिकल रेप्लिकेशन: टेबलचे नाव बदलताना
लॉजिकल रेप्लिकेशन म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत टेबलांमधले बदल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे सतत पाठवण्याची सोय. आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, उपलब्ध असलेली ही सोय मी मनापासून विश्वासाची मानतो. मात्र टेबलच्या नावातला बदल ती सबस्क्रायबरकडे, म्हणजे बदल स्वीकारणाऱ्या सर्व्हरकडे, आपोआप पोहोचवत नाही. मूळ सर्व्हरवर ‘ऑर्डर्स’चे ‘ऑर्डर्स_जुने’ केले, तरी पब्लिकेशन, म्हणजे पाठवायच्या टेबलांची यादी, टेबलला अंतर्गत क्रमांकाने ओळखत असल्याने टेबल त्या यादीत शाबूत राहते, पण पुढच्या नोंदी नव्या नावाने येतात आणि त्या नावाचे टेबल न सापडल्यामुळे सबस्क्रायबरचे काम अडते. तोवर मूळ सर्व्हरच्या डिस्कवर वॉल (WAL) फाइली, म्हणजे बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या फाइली, साचत जातात.

त्यामुळे आधी लिखाण थांबवून साचलेल्या नोंदी पोहोचू द्याव्यात, कारण त्या जुन्याच नावाने येतात, आणि मग दोन्हीकडे नाव बदलावे. पब्लिकेशनमध्ये नवे टेबल घातल्यास मात्र सबस्क्रायबरवर ती यादी ताजी करणारी ‘रिफ्रेश पब्लिकेशन’ ही आज्ञा चालवावीच लागते. ते विसरल्यास त्या टेबलच्या नोंदी कोणतीही त्रुटी न दाखवता वगळल्या जातात, आणि मला हाच या सोयीतला सर्वांत गंभीर दोष वाटतो.