ग्राउट सील करून घेताय? थेंब कुठे टाकतोय ते बघा

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आपलाच वेडेपणा चारचौघांत सांगायला कोणाला आवडतं, पण काल शेजारच्या काकूंकडे पण ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटींत भरलेला मसाला, सील करून देणारा असाच एक जण येऊन गेला म्हणून लिहितेय.

आमच्या बाथरूमच्या टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या होत्या. घासून घासून ब्रश झिजले, फटी तशाच. एक माणूस आला, टापटीप, हातात बॅग, म्हणाला ताई हे घासून जाणारच नाही, ग्राउट पाणी पितं म्हणून काळं पडतं, सील करून घ्या, लाइफटाइम गॅरंटी. आता ग्राउट पाणी पितं हे खरंच आहे, सिमेंटचं असेल तर. तिथेच मी फसले, कारण पहिलं वाक्य खरं निघालं की पुढची सगळी आपण खरी धरून चालतो.

मग डेमो. कोपऱ्यातल्या एका टाइलवर कॅनमधलं पांढरट काहीतरी फडक्याने लावलं, थोडं थांबला, वर पाण्याचे थेंब टाकले आणि म्हणाला बघा कसे मोत्यासारखे उभे राहिले. मी आपली बघतच राहिले. अहो ती ग्लेझवाली, म्हणजे वर चकचकीत थर असलेली टाइल, तिच्यावर काहीही न लावता पाणी टाकलं तरी ते आत जात नाही! थेंब टाकायचा होता फटीत. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा पैसे देऊन झाले होते.

काम एका दिवसात उरकलं. सकाळी ॲसिड ओतून फटी घासल्या, इतका वास की डोळ्यांतून पाणी, दुपारी पाणी मारलं आणि संध्याकाळी ओल्यावरच सीलर. मी विचारलं पण, वाळायला नको का? म्हणे आमचं प्रॉडक्ट ओल्यावरच चांगलं बसतं. कॅनवर लेबल नव्हतं, फाडलेल्या कागदाचे तुकडे तेवढे चिकटलेले. किचनचं पण करून टाकू म्हणाला, केलं, त्याचे वेगळे पैसे.

आठवड्याभरात बाथरूमची फरशी पायाला चिकटायला लागली आणि ओली झाली की उलट गुळगुळीत, आई एकदा घसरता घसरता वाचली. टाइल्सवर ढगाळ पांढरे पट्टे. दारापाशी तर नखाने उचकटलं की सायीसारखा पापुद्रा निघायचा. आणि फटी? बोट फिरवलं की बोटाला भुकटी.

शेवटी ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. ते काही बोललेच नाहीत, खाली बसले, चमच्याने फटीवर चार थेंब टाकले आणि थांबले. दोन-तीन मिनिटांत फट गडद झाली, पाणी आत गेलं. म्हणाले सील झालेलं असतं तर थेंब वरच राहिला असता. मग किचनमध्ये तेच केलं, थेंब जसाच्या तसा, किल्लीने खरवडलं तर भुकटी पण नाही. म्हणे हे सिमेंटचं नाही, इपॉक्सी म्हणजे रेझिनचं, पाणी न पिणारं ग्राउट आहे, याला सीलर लागतच नाही, तुमच्याकडून नुसत्या हात फिरवण्याचे पैसे घेतले.

बाकीचं त्यांनीच समजावलं. ॲसिडने सिमेंटचं ग्राउट झिजतं, मार्बल असेल तर त्याची चकाकीच जाते. धुतल्यावर फटी पूर्ण कोरड्या व्हायला लागतात, निदान एक दिवस तरी, नाहीतर सीलर आत शिरणार कुठून, आत आधीच पाणी भरलेलं. ग्राउट नवीन भरलेलं असेल तर आणखी थांबायचं, किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं. आणि फटींसाठी आत मुरणारा सीलर घ्यायचा, टाइलवर सांडला की पाच-दहा मिनिटांत पुसून काढायचा, वाळला की तोच पांढरा पट्टा. आमच्याकडे वर थर धरणारं काहीतरी सरसकट फासलं होतं, ग्लेझवर ते धरणार कसं, म्हणून पापुद्रे. आयुष्यभर टिकणारा सीलर नसतोच, रोज पाणी पडतं तिथे वर्ष-दोन वर्षांनी थेंब टाकून बघायचं आणि गरज वाटली तर परत लावायचं. हो, आणि खालच्या घरात गळत असेल तर सीलरने ते थांबत नाही, ते वॉटरप्रूफिंगचं काम, टाइलच्या खालचं. हे पण त्या बॅगवाल्या साहेबांनी "थांबेल थांबेल" म्हणून सांगितलेलंच होतं.

फोन लावला त्याला. तीनदा कट केला, चौथ्यांदा उचलला. म्हणाला मॅडम, गॅरंटी सीलरची आहे, ग्राउटची नाही. कार्ड काढून बघितलं तर त्यावर ना तारीख ना प्रॉडक्टचं नाव, नुसता शिक्का, तोही पुसट.

आता रोज अंघोळीआधी प्लास्टिकची पट्टी घेऊन एकेक टाइल खरवडतेय. दारापासून सुरुवात केली, नळापर्यंत पोचलेय.