खान अल-खलिलीतले ताईत: एका चांदीच्या दुकानाचे परीक्षण

कैरोच्या खान अल-खलिली बाजारात, सराफांच्या गल्लीत, प्राचीन इजिप्तच्या नमुन्यांवरून चांदीचे दागिने घडवून देणारे एक लहानसे दुकान आहे. तिथून मी शेणकिड्याचे, ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाच्या डोळ्याचे आणि इसिस देवीच्या गाठीचे अशी तीन पदके घेतली. प्राचीन इजिप्तच्या लोकांच्या दृष्टीने दागिना आणि ताईत यांत फारसा भेद नव्हता. म्हणून केवळ नक्षीचा सुबकपणा न पाहता आकार, रंग आणि मागची बाजू यांमागचा अर्थ कारागिराने किती जपला आहे, हेही मी तपासले.

शेणकिड्याचे पदक सर्वांत सरस उतरले आहे. शेणाचा गोळा ढकलत नेणाऱ्या या किड्यात इजिप्तच्या लोकांना पहाटेचा सूर्य वर आणणारा खेप्री देव दिसला, आणि ज्या ‘खेपेर’ शब्दाशी त्याचे नाव जोडलेले आहे त्याचा अर्थच ‘होणे, अस्तित्वात येणे’ असा आहे. अशा ताइताचे मर्म बहुधा त्याच्या सपाट तळाशी असते, कारण नाव, प्रार्थना किंवा देवतेचे चिन्ह तिथे कोरलेले असे. मृताच्या छातीवर ठेवायच्या मोठ्या शेणकिड्यावर तर, मृतांचा देव ओसिरिस याच्यासमोरच्या न्यायाच्या वेळी हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी असे. बाजारातल्या बहुतेक नकलांचा तळ कोरा असतो किंवा त्यावर निरर्थक रेघोट्या असतात. या पदकाच्या तळावर मात्र आंख, म्हणजे जीवनाचे चिन्ह, आणि ओसिरिसच्या पाठीच्या कण्याचे प्रतीक मानला जाणारा जेद स्तंभ ही दोन्ही चिन्हे ठसठशीत कोरलेली आहेत.

पदकाच्या पाठीचा, म्हणजे मागच्या बाजूचा, एवढा आग्रह का, असे कुणी विचारील. इजिप्तमधल्या लाहून या ठिकाणी 1914 साली सापडलेले राजकन्या सितहाथोरयुनेत हिचे पदक आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. सोन्याच्या पत्र्यावर बारीक पट्ट्या उभ्या जोडून केलेल्या घरांत रत्नांचे 372 तुकडे त्यात बसवलेले आहेत. आणि जी बाजू अंगाला लागून कुणाच्याही नजरेस पडली नसती, त्या मागच्या बाजूवरही तेच चित्र तितक्याच निगुतीने कोरलेले आहे. ते पाहिल्यापासून कोऱ्या पाठीचे पदक मला अपुरे वाटते.

डोळ्याच्या पदकाची रेखाटणी अचूक आहे. सेथ या देवाने इजा केलेला आणि थोथ या देवाने बरा केलेला होरसचा डोळा म्हणजे ‘वेजात’, अर्थात अखंड, धडधाकट. त्याखालची थेंबासारखी रेघ आणि टोकाची वेटोळी, या ससाण्याच्या चेहऱ्यावरच्या खुणा इथे नीट उतरल्या आहेत. निळा रंग मात्र मिन्याचा आहे. दळलेल्या गारगोटीत क्षार आणि तांबे मिसळून भाजलेल्या जुन्या फायन्सला आतून उजळल्यासारखी जी झळाळी असते, ती मिन्याला येत नाही.

खरी चूक गाठीच्या पदकात होती. इसिसची गाठ तिच्या रक्ताशी जोडलेली असल्यामुळे मृतांच्या ग्रंथात, म्हणजे मृतांसाठीच्या मंत्रांच्या संग्रहात, ती जास्पर या तांबड्या दगडाची असावी असे सांगितलेले आहे, आणि इथे तिच्यात निळा मिना भरलेला होता. मी हे दाखवताच वयस्कर कारागिराने मिना काढला आणि दुसऱ्या दिवशी तांबडा अकीक बसवून दिला. जास्पर मिळाला असता तर अधिक बरे झाले असते. तरीही रंगाबरोबर अर्थ परत आला याचे मला मनापासून समाधान आहे.

नाव कोरलेले लंबगोल पदकही तिथे करून मिळते. दोरीच्या वेढ्याची ही चौकट मुळात राजघराण्यातल्या नावांसाठी होती, हे ते गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. आपल्या नावांतल्या ‘ल’ आणि ‘ळ’ या दोहोंसाठी ते सिंह कोरतात. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या नावांतल्या ‘ल’साठी तेच चिन्ह वापरलेले आहे.

चांदी समोर तोलून तिची किंमत आणि घडणावळ ते वेगवेगळी सांगतात, आणि घासाघीस घडणावळीपुरतीच चालते. शेणकिड्याला साखळीसाठी वरून कडी जोडलेली होती. जुन्या ताइतांसारखे डोक्यापासून शेपटापर्यंत आरपार भोक पाडून द्या, असे मी सांगितल्यावर त्यांनी ती कडी काढली आणि भोक पाडून दिले. आता ते पदक मी साध्या सुती दोऱ्यात ओवून घालते.