हिगोनोकामी: आओगामी घ्यावा, एसके की स्टेनलेस?

पोलादाची निवड करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हिगोनोकामी या जपानी घडीच्या चाकूला पाते उघडे अडकवून ठेवणारा खटका नसतो. पात्याच्या बुडाशी एक छोटा दांडा असतो, त्याला चिकिरी म्हणतात. कापताना अंगठा त्यावर दाबून ठेवायचा, म्हणजे पाते मिटत नाही. फळ कापणे, पेन्सिल तासणे, पार्सलची दोरी सोडवणे या कामांना एवढे पुरते. टोक खुपसून पिळायचे किंवा ठोकायचे काम असेल, तर खटक्याचा चाकू घ्या, हा नको.

ह्योगो प्रांतातल्या मिकी शहरात मेइजी काळापासून हा चाकू बनतो. 1960 मध्ये राजकीय नेते इनेजिरो असानुमा यांची भोसकून हत्या झाली. त्यानंतर मुलांच्या हाती चाकू देऊ नये अशी मोहीम जपानभर पसरली आणि मागणी कोसळली. आज हे नाव वापरण्याचा हक्क असलेला नागाओ कानेकोमा हा एकच कारखाना उरला आहे. नकला पुष्कळ मिळतात, म्हणून मुठीवरचा छाप पाहूनच पैसे मोजा.

आता पोलाद. एसके हे साधे कार्बन पोलाद, स्वस्त आणि धार लावायला सोपे. आओगामी या पोलादात कार्बनखेरीज टंगस्टन आणि क्रोमियम असते, त्यामुळे धार जास्त टिकते. वारीकोमी पद्धतीच्या पात्यात हे कठीण पोलाद मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये बसवलेले असते. दगडावर घासताना बराचसा भाग मऊ लोखंडाचा असल्याने हात फार दुखत नाहीत, आणि धारेची कड मात्र कठीण राहते. रोज वापरणाऱ्याला मी आओगामीच सुचवेन. किमतीतला फरक पहिल्या काही महिन्यांतच वसूल होतो.

पण दोन्ही गंजतात. लिंबू किंवा कैरी कापून पाते तसेच मिटले, तर काही तासांत डाग पडतो. पुसत राहिले तर जुन्या लोखंडी विळीसारखा काळसर रंग चढतो, तो चांगलाच. तांबूस गंज मात्र लगेच काढायचा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात फिरवायलाच हवा. एवढे जमणार नसेल तर स्टेनलेसचा प्रकार घ्या. धार लावायला तो जरा हट्टी असतो, पण डब्यात सफरचंद नेणाऱ्याला मनाचा ताप नाही.

मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, पितळेचा किंवा काळ्या रंगाचा. पितळ काळवंडते आणि हाताला वास लागतो. तरी मला तेच आवडते, कारण चिंचेने घासले की पुन्हा उजळते. घासताना चिंच पात्याला लागू देऊ नका. काळी मूठ स्वस्त असते, पण कडांवरचा रंग उडतो.

आकाराबाबत मधला निवडा. मोठ्याचा खिशात भार होतो, आणि अगदी छोट्याची चिकिरी मोठ्या हाताच्या अंगठ्याखाली नीट येत नाही. सांधा सैल झाला तर रिव्हेटवर हातोडीचे हलके टोले मारून घट्ट करता येतो. जोर केला तर पाते उघडणेच अवघड होते.

जपानमध्येच विकत घेणार असाल तर तो खिशात घालून फिरू नका. सबळ कारणाशिवाय लहान पात्याचा चाकूही लपवून बाळगणे तिथे गुन्हा ठरू शकते. परतताना तो विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानाच्या बॅगेत टाका.