त्रिकोणी शीड की लग? ११ फुटी होडीपुरतं सांगतो

होडी माझीच: ११ फुटी, ६ मिलीच्या मरीन प्लायची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली. दोन हंगाम तिच्यावर पुढं-मागं अशी दोन त्रिकोणी शिडं होती. आता तिसऱ्या हंगामापासून एकच लग आहे, म्हणजे आडव्या काठीला बांधलेलं चौकोनी शीड, ज्याचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढं येतो.

वाऱ्याच्या तोंडावर चढायचं, म्हणजे वारा येतो तिकडंच नागमोडी वळसे घेत जायचं असेल, तर त्रिकोणी सरसच. राधानगरीकडं घाटावरून वारा येतो, तेव्हा समोरचा काठ चार वळशांत गाठायचो. लगला पाच-सहा लागतात. घड्याळ लावून बघितलेलं नाही. लगचं शीड एका बाजूनं वारा घेऊन चालताना डोलकाठीवर टेकतं आणि त्याचा आकार बिघडतो, असं म्हणतात. मला तरी होडी मंदावल्याचं कधी जाणवलं नाही. शर्यतवाल्यांना जाणवत असेल.

माझं बिनसलं ते काठावर. त्रिकोणीची डोलकाठी १६ फूट. गाडीच्या टपावर बांधायची, मागं लाल फडकं लावायचं आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जीव मुठीत धरून जायचं. पोचल्यावर डोलकाठी उभी धरणाऱ्या तीन तारा, त्या ताणायचे तीन टर्नबकल आणि प्रत्येकाला ती बोटाच्या पेराएवढी पिन. एक पिन चिखलात पडली की संध्याकाळ संपली! उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून डझनभर जादा करून घेतल्या. त्याही चिखलातच गेल्या. सगळं ताणून होईस्तोवर पाऊण तास जायचा, आणि तोवर वारा पडलेला असायचा.

लगची काठी साडेदहा फुटी. भोकात उभी केली की झालं, तारा नाहीतच. वरची आडवी काठी आणि खालची, दोन्ही होडीतच मावतात. शीड चढवायची एक दोरी, खाली ताणायची एक. ही खालची मात्र कंजुषी न करता ताणा. ती ढिली राहिली की शिडाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती पडते. वर चढवायला नायलॉनची दोरी नको, ती ताणून लांबते आणि शीड खाली लोंबतं. पॉलिएस्टरची घ्या.

पहिल्या दिवशी सुकाणू सारखं ओढत होतं, होडी वाऱ्याकडं तोंड फिरवत होती. खालची काठी वीतभर पुढं सरकवली आणि हात हलका झाला. त्रिकोणीत हेच करायला अख्खी डोलकाठी हलवावी लागली असती.

एक खर्च वाढतो, तो सांगून ठेवतो. तारा नसल्यानं सगळा भार काठीच्या भोकावर आणि तळाच्या खोबणीवर येतो. तिथं मी आणखी दोन थर प्लाय इपॉक्सीनं चिकटवले. कप्पीऐवजी पितळी कडी आणि सागवानी खुंटी. आजवर कुरकुर नाही.

तुमची होडी पाण्याकाठीच उभी राहत असेल आणि शर्यतीची हौस असेल, तर त्रिकोणीच ठेवा बापडे. दर वेळी गाडीवरून न्यायची असेल, तर प्लायला करवत लावण्याआधी एक बांबू उभा करा, ताडपत्रीचं शीड शिवून एक संध्याकाळ फिरून या. बांबू मात्र सरळ आणि पक्का वाळलेला बघा.