बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरचा ग्लोव्ह हवाय? मारुती मंदिरजवळचं हे दुकान गाठा
रत्नागिरीत बेसबॉलचा ग्लोव्ह मागितला की बहुतेक दुकानदार सॉफ्टबॉलचाच पुढे करतात. मारुती मंदिरजवळच्या गल्लीतल्या या छोट्या दुकानात दुकानदार काकांनी आधी माझ्या भाच्यालाच विचारलं, "पिचिंग करतोस की कॅचिंग?" मग बंद जाळीचा, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधल्या पट्टीत फटी नसलेला ग्लोव्ह काढला. चेंडूच्या शिवणीवर बोटं कुठे आहेत ते बॅटरला दिसू नये, म्हणून पिचर असाच घेतात.

भाचा अमेरिकन पिचर पॉल स्कीन्सचा भक्त. 2023 ला पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्याच क्रमांकावर उचललं, 2024 ला पदार्पणाच्याच वर्षी तिथल्या नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) आणि 2025 ला थेट साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार! पोरगं हे सांगत होतं आणि काका एकेक चेंडू देऊन शिवण किती उठावाची आहे ते अंगठ्याने बघायला लावत होते. एवढा वेळ कोण देतं हो गिऱ्हाइकाला?

चामडं जाड आहे, सुरुवातीला कडक लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी धरणारच, तेव्हा कोरडा पुसून, आत चेंडू घालून पंख्याखाली ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त. वाद्या सैल झाल्या तर तिथेच ओवून मिळतात. डावखुऱ्यांसाठी माल कमी असतो, आधी विचारून जा.