उद्घाटनाचा संच भाड्याने : समईला पाचपैकी तीन गुण, रोपट्याला साडेचार

समई गळते. हे आधी सांगून टाकते, कारण या भाड्याच्या दुकानाबद्दल अभिप्राय देताना बाकीच्यांनी नुसते फोटो टाकून 'एक नंबर सर्व्हिस' लिहिलंय आणि गळतीबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. चार फुटी पितळी समई आहे, तीन तुकड्यांत, आट्यांवर बसणारी. दिसायला देखणी, घासूनपुसून लख्ख. पण वरच्या तबकाच्या आट्या झिजल्यात. तेल ओतलं की दहा मिनिटांत दांड्यावरून ओघळ सुरू होतो. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी पहाटे उठून काढलेल्या रांगोळीचा निम्मा मोर त्यात बुडाला. दुकानात फोन केला तर मालक म्हणाले, "आक्का, आट्यास्नी सुताचा दोरा गुंडाळायचा असतोय. पोरगं विसरलं." पोरगं विसरलं आणि माझ्या इरकलीच्या काठाला डाग पडला, तो अजून आहे.

तरीही मी या दुकानाची शिफारस करणार आहे. का, ते जरा लांबण लावून सांगते.

दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, धान्य बाजारामागच्या बोळात. खुर्च्या, सतरंज्या, माईक, पोडियम आणि 'उद्घाटन संच' असं सगळं भाड्यानं मिळतं. माझी भाची करवीर तालुक्यातल्या आमच्या गावची सरपंच आहे. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आणि लगेच ग्रामसभा असं तिनं ठरवलं. मी ३४ वर्षं सरकारी कचेरीत काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे घरातली असली सगळी कामं माझ्याच गळ्यात पडतात. खुर्च्या १०० सांगितल्या. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. निदान खुर्च्यांची तरी गणपूर्ती व्हावी, एवढाच हिशेब.

समई सांगितल्यावर मालकांनी विचारलं, "आक्का, घरचं हाय का सरकारी?"

"सरकारी."

"मग कोण कोण येणार हाईत? एखाद्याला समई चालत नसंल तर दुसरा संच हाय. रोपट्याचा. तांब्या, कुंडी, टेबलक्लॉथ सगळं येतंय."

मी फोन कानाला लावून गप्पच बसले. ३४ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नव्हता.

आमच्या कचेरीत (कुठली ते राहू दे) दरवर्षी एक प्रशिक्षण असायचं. सरस्वतीचा फोटो, हार, समई, मेणबत्ती, आणि हातात यादी घेतलेला निवेदक. एका वर्षी त्यानं आमच्या एका लघुलेखकाचं नाव पुकारलं, "यांनीही दीपप्रज्वलन करावं." ते बौद्ध. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा घरात मोठ्यानं वाचल्या जायच्या, अशा घरातले. ते उठले, फोटोपासून चार पावलांवर थांबले, हात जोडले आणि परत जागेवर जाऊन बसले. कुणी काही बोललं नाही. नंतर चहाच्या टेबलावर मात्र लोक बोलले, आणि बरंच बोलले. त्या कार्यक्रमाचा अहवाल मी लिहिला. त्यात माझ्याच अक्षरात वाक्य आहे : 'सर्व मान्यवरांनी दीपप्रज्वलन केले.' आयुष्यात मी खोटं टिपण फार थोड्या वेळा लिहिलं. हे त्यातलं एक.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, दिवा म्हणजे काय धर्म हाय व्हय? उजेड हाय नुसता." ग्रामसेवकांचंही तेच म्हणणं. यात तथ्य नाही असं नाही. आमच्याकडच्या एका मुस्लीम सदस्य भाभींनी शाळेच्या स्नेहसंमेलनात दोनदा समई लावलीय, हसत हसत. पण ज्यांना चालतं त्यांचीच उदाहरणं आपण देतो. ज्यांना चालत नाही ते त्या दिवशी रजा टाकतात, आणि आपल्याला वाटतं की सगळं सुरळीत चाललंय.

आता थोडं विषयांतर. भाषणाची तयारी करायला मी संविधान सभेच्या चर्चा काढून बसले होते. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली. सभेत बहुतेक सगळे देव मानणारे, अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. पूर्णिमा बॅनर्जी उठल्या आणि विनवलं की देवावर मतदान करायची अवघड वेळ आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मतदान झालंच : बाजूने ४१, विरोधात ६८. म्हणून आपण 'आम्ही, भारताचे लोक' असं सुरू करतो. शपथेला मात्र दोन्ही दारं उघडी ठेवली. तिसऱ्या अनुसूचीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आहे आणि 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो'ही आहे. आमच्या गल्लीतले एक जैन आजोबा हे ऐकून खूश झाले. म्हणाले, "आमच्यात जगाचा कर्ता देव नाही. पण दिव्याला माझी ना नाही बरं का." म्हणजे शपथेला अडचण, दिव्याला नाही. शेजारच्या घरात नेमकं उलटं असेल. बाहेरून बघून हे कळायचं कसं?

भाचा अमेरिकेत रॉचेस्टरला असतो. त्याला फोनवर ही समईची कथा सांगितली तर म्हणाला, आमच्या शेजारीच ग्रीस नावाचं गाव आहे, त्यांचा खटला पार सुप्रीम कोर्टात गेला होता. तिथल्या नगरमंडळाची मासिक सभा १९९९ पासून प्रार्थनेनं सुरू व्हायची, आणि प्रार्थना सांगायला यायचे ते जवळजवळ सगळे ख्रिस्ती धर्मगुरू. सभेत आपलं काम घेऊन येणाऱ्या एक ज्यू बाई आणि एक नास्तिक बाई कोर्टात गेल्या. २०१४ मध्ये निकाल लागला, पाच विरुद्ध चार : प्रार्थना चालू राहू शकते. मला त्या चारांचं म्हणणं जास्त पटतं. नळाच्या जोडणीसाठी आलेल्या माणसाला, ज्यांच्या हातात जोडणी आहे त्यांच्याच देखत, मान खाली घालायची की नाही हे ठरवावं लागू नये. आणि हे आपल्याला परकं वाटत असेल तर २००७ चं आठवावं. १२ जुलैला अमेरिकी सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली, राजन झेद यांनी म्हटली, आणि प्रेक्षक सज्जातून काही जणांनी ओरडून ती अडवली. तेव्हा आपल्या लोकांना केवढं लागलं होतं!

कोल्हापूरकरांनी तरी हा विषय नवा म्हणू नये. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या कार्तिकस्नानाला पुरोहितानं वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं. दरबारचा पुरोहित, दरबारचं वतन, आणि दरबारच्या धन्याला पुराणोक्तच, म्हणजे शूद्रांसाठीचे पुराणांतले मंत्र. प्रकरण इतकं पेटलं की राजोपाध्यांचं वतन जप्त झालं. त्याच महाराजांच्या पाठबळानं पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग निघालं; आपलं रोजचं जाणंयेणं दसरा चौकातून त्याच्यावरूनच असतं. कुठल्या मंत्रानं कोण आत आणि कोण बाहेर, हे या शहरानं राजाच्याच अंगावर बघितलंय. अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, पिंपरी-चिंचवडला न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनात सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक बोलले की न्यायालयाच्या कार्यक्रमांतून पूजाअर्चा थांबवावी आणि उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावं. बोलले ते भूमिपूजनातच, हे मला फार आवडलं.

असो. आम्ही दोन्ही संच घेतले. भाडं दोन्ही मिळून ९००, अनामत २०००. खुर्च्या वेगळ्या.

समई कार्यक्रमाच्या आधीच लावून ठेवायची, पुकारा कुणाचाच करायचा नाही, हे मी ठरवलं. दाराशी उंच टेबलावर जांभळाचं रोप आणि तांब्या. येणाऱ्यानं वाटलं तर पाणी घालावं, नाही तर सरळ आत जाऊन बसावं. एक आजी कुरकुरल्या, "नारळ न्हाई, ओवाळणं न्हाई, ह्यो कसला कार्यक्रम?" त्यांना समईजवळची खुर्ची दिली, त्यांनी तिथूनच मनोभावे नमस्कार केला. बौद्धवाड्यातले एक निवृत्त गुरुजी रोपापाशी थांबले. मला म्हणाले, "बाई, पाण्याचं आमचं काही वाकडं नाही. चवदार तळ्यापासूनचं नातं आहे." आणि तांब्याभर ओतलं. सदस्य भाभींनी ओतलं, जैन आजोबांनी ओतलं, शाळेची पोरं तर रांग लावून ओतायला लागली.

इथे दुकानाचा दुसरा दोष. कुंडीला भोक नाही! कुणीतरी शोभेची, चकचकीत प्लास्टिकची कुंडी दिलेली. पाणी काठोकाठ आलं, टेबलक्लॉथवरून उतरलं आणि शेजारी ठेवलेल्या हजेरी वहीत गेलं. ग्रामसेवकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ११२ सह्यांपैकी २० तरी फुगल्या. वही पंख्याखाली वाळवून उद्देशिकेचं वाचन होईपर्यंत कशीबशी सावरली. अर्धा गुण त्यासाठीच कापलाय.

माईक चांगला, शिट्टी मारली नाही. टेम्पो सांगितलेल्या वेळेला आला, कोल्हापुरात हे थोडं नाही. खुर्च्यांतल्या दोन मोडक्या होत्या, त्या बदलून दिल्या. अनामतीतून १५० कापले कारण तेलाची पळी हरवली. पळी आमच्याकडूनच हरवली, तक्रार नाही. मालकांना विचारलं, रोपट्याचा संच कितीजण नेतात? म्हणाले, "बँका नेत्यात, शाळा नेत्यात. सरकारी हापिसं अजून समईच मागत्यात. पण मी इचारतो सगळ्यास्नी. न्हाई म्हणायचं त्येंनी, इचारायचं म्या."

यावेळी अहवाल मीच लिहून दिला : 'समई लावलेली होती. उपस्थितांपैकी अनेकांनी रोपास पाणी घातले.' ग्रामसेवक म्हणाले, 'अनेकांनी' कशाला, 'सर्वांनी' लिहा, बरं दिसतं. मी खोडू दिलं नाही.

एक राहिलं. रोप परत करायचं नसतं, ते भाड्यातच धरलेलं आहे. आम्ही ते सभागृहाच्या मागे लावलं आणि तिसऱ्या दिवशी शेळीनं खाल्लं. दुसरं मागवलंय, यावेळी काटेरी कुंपणासकट. आणि समई नेणार असाल तर सुताचा दोरा घरून न्या.